वीस मिनिटांचं एक गाणं

गेल्या अंकात मी जाता जाता लांबलचक इलेक्ट्रॉनिक रचनांचा उल्लेख केला आणि टपालाची पिशवी जड झाली. म्हणून या वेळचं पान त्याच विषयाला.

नाशिकहून एक वाचक लिहितात: मी चौतीस वर्षांचा, अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. कॉलेजात असताना जुने रॉक बँड ऐकायचो, लांब गाण्यांची सवय तेव्हाचीच. महिन्यापूर्वी रात्रपाळीत टँजरिन ड्रीम या बर्लिनच्या बँडचं ‘फेड्रा’ हाती लागलं. सतरा मिनिटांहून जास्त, शब्द नाहीत, आणि मी कामावरून घरी येईपर्यंत तीनदा ऐकलं. घरी लावलं तर बायको म्हणाली, “फ्रीजचा काँप्रेसर गेला वाटतं.” पण हे सगळं पन्नास वर्षांपूर्वीचं. आज असं कुणी करतं का? आणि सुरुवात कुठून करू?

वहिनींना सांगा, त्यांचा कान चांगला आहे. ‘फेड्रा’च्या उत्तरार्धात सूर जे किंचित घसरतात, तो खरोखरच यंत्राच्या तब्येतीचा प्रकार होता. १९७३ सालच्या अखेरीस इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळच्या एका जुन्या वाड्यातल्या स्टुडिओत एडगर फ्रोजे, क्रिस फ्रांके आणि पीटर बाउमन हे तिघं हे वाजवत होते. त्या काळचा मोग सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर घडवणारं यंत्र, तापला की सुरातून उतरायचा. इथे तो टेप फिरत असतानाच उतरला, आणि त्यांनी ती घसरण पुसली नाही. १९७४च्या फेब्रुवारीत रेकॉर्ड बाजारात आली ती तशीच.

सुरुवात कुठून करायची ते सांगण्याआधी माझी सुरुवात सांगतो. विषय सोडून बोलतोय असं वाटेल, पण नाही.

मी इचलकरंजीचा. वडील यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त ठेवणारे. आमच्या खोलीची मागची भिंत आणि कारखान्याची भिंत एकच. पलीकडे चोवीस माग. नवा पाहुणा आला की रात्रभर कूस बदलत राहायचा, सकाळी डोळे लाल. आम्हाला मात्र त्या खडखडाटात बरंच काही ऐकू यायचं. दोन माग कधीच तंतोतंत एका चालीने चालत नाहीत. शेजारच्या दोन मागांचे धोटे थोडा वेळ एकदम आपटतात, मग एक जरासा पुढे सरकतो, आणि दोघांच्या मधून तिसरीच चाल निघते. ती कुठल्याच मागाची नसते. हळूहळू ती विरते आणि दोघं पुन्हा जुळतात. अंथरुणात पडल्या पडल्या मी त्या जुळण्याची वाट बघायचो. वडील तर गाढ झोपेत असले तरी एखादा माग थांबला की उठून बसायचे. तेवीस माग चालू असताना चोविसावा बंद पडलेला त्यांना झोपेत कळायचा!

पुढे डिप्लोमा करून पुण्याला आलो, पिंपरीत एका कंपनीत मेंटेनन्सला लागलो. १९८७ साली एक जर्मन इंजिनिअर मशीन बसवायला आला होता. जेवणाच्या सुट्टीत माझं मोडकंतोडकं जर्मन ऐकून तो खूश व्हायचा. जाताना त्याने साठ मिनिटांची एक कॅसेट दिली. त्यावर बॉलपेनने लिहिलं होतं: ‘क्लाउस शुल्झ, टाइमविंड’. १९७५ची रेकॉर्ड. एका बाजूला एकच रचना, ‘बायरॉइट रिटर्न’, साडेतीस मिनिटांची. कॅसेटची बाजू तीस मिनिटांची. म्हणजे शेवटचा अर्धा मिनिट टेपवर मावलाच नव्हता. पंधरा वर्षं मी ती रचना शेवटाशिवाय ऐकली. पहिल्यांदा लावली तेव्हा पाचव्या मिनिटाला मला आमची भिंत आठवली. तेच माग, तीच तिसरी चाल. फरक इतकाच, की इथे भिंतीपलीकडे बसलेला माणूस ते मुद्दाम करत होता.

तर गोम इथे आहे. या संगीतात जे परत परत येतं, ते ऐकत बसलात तर दहा मिनिटांत कंटाळाल. आठ किंवा सोळा सुरांची एक साखळी सीक्वेन्सर नावाचं यंत्र फिरवत राहतं. ती ऐकायचा माल नव्हे, तो ताणा आहे, कापडातला उभा धागा. कान ठेवायचा बाण्यावर, आडव्या धाग्यावर: कोणता सूर गडद झाला, कोणता पुसला गेला, नवा धागा कधी शिरला. जॉबर माग ऐकतो तसं.

आता आजचं. टँजरिन ड्रीम हा बँड अजून चालू आहे. २०१५च्या जानेवारीत फ्रोजे गेले, तेव्हा पुष्कळांना वाटलं की दुकान बंद. पण थॉर्स्टन क्वेशनिंग, व्हायोलिन वाजवणाऱ्या होशिको यामाने आणि उलरिख श्नाउस यांनी ते पुढे नेलं. श्नाउस नंतर बाहेर पडले, पॉल फ्रिक आत आले. २०१७चा ‘क्वांटम गेट’ मला जरा गुळगुळीत वाटतो, इस्त्री केल्यासारखा. २०२२चा ‘राउम’ मात्र आवर्जून ऐका. त्यासाठी त्यांनी फ्रोजेंनी मागे ठेवलेल्या जुन्या टेपा उघडल्या. त्यातली ‘इन २५६ त्साइशन’ ही एकोणीस मिनिटांची रचना म्हणजे तुम्हाला हवं ते उत्तर आहे. शिवाय त्यांच्या मैफिलीच्या शेवटी ते काहीही आधी न ठरवल्यासारखं तिथल्या तिथे रचत जातात. याला ते ‘सेशन’ म्हणतात. त्यातली काही सेशन्स रेकॉर्ड होऊन बाहेर आली आहेत. सगळी जमलेली नाहीत, आणि न जमलेली ऐकण्यातही मजा आहे. चाचपडणारा हात कळतो.

पण टँजरिन ड्रीम, शुल्झ या फक्त बर्लिनच्या वंशावळीत अडकू नका. नॉर्वेच्या लिंडस्ट्रॉमची २००८ची ‘व्हेअर यू गो आय गो टू’ घ्या: जवळजवळ एकोणतीस मिनिटं, खाली डिस्कोचा ठोका, आणि तरी कुठेही घाई नाही. लांब पल्ल्याच्या गाडीत खिडकीशी बसून ऐकण्यासारखी. मी ती पहिल्यांदा कोयना एक्स्प्रेसमध्ये ऐकली. लोणंदच्या आसपास ठोका आला आणि मी मांडीवर ताल धरला, तर समोरच्या आजी म्हणाल्या, “भजन लावलंय का?”

अगदी वेगळ्या वाटेने जायचं तर २०२१चं ‘प्रॉमिसेस’. फ्लोटिंग पॉइंट्स या नावाने काम करणारा इंग्लिश इलेक्ट्रॉनिक संगीतकार, ऐंशी वर्षांचे सॅक्सोफोनवादक फेरो सँडर्स आणि लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा. शेहेचाळीस मिनिटं, नऊ भाग, आणि तळाशी सुरुवातीपासून एक इवलासा सुरांचा झुपका पुन्हा पुन्हा. सँडर्स पुढच्याच वर्षी गेले. मध्ये एके ठिकाणी ते वाद्य बाजूला ठेवून नुसतं तोंडाने काहीतरी पुटपुटतात. तिथे मी दर वेळी हातातलं काम थांबवतो.

बँडकँप या संगीत विकणाऱ्या संकेतस्थळावर ‘बर्लिन स्कूल’ असं या शैलीचं नाव टाकून शोधलंत तर नवं इतकं मिळेल की जन्म पुरणार नाही. एक इशारा देतो: त्यातलं निम्मं संग्रहालयातलं आहे. तोच बेस, तोच बासरीसारखा लांब सूर, १९७५ सालची हुबेहूब नक्कल. नीट वाजवलेली, पण नक्कल. पहिली पाच मिनिटं ऐका. काहीच हलत नसेल तर पुढे जा, भिडेखातर पूर्ण ऐकू नका.

मिरजेहून एक ज्येष्ठ वाचक: आयुष्यभर ख्याल ऐकत आलो. नातू हे सारं ऐकवतो आणि म्हणतो, “आजोबा, हे आपल्या विलंबितासारखंच आहे.” मला पटत नाही. सगळं यंत्र वाजवतं. माणूस करतो काय?

आपलं म्हणणं मला बरंचसं मान्य आहे. लांबी सारखी म्हणून जात सारखी होत नाही. विलंबितात गवई समेवर यायला बांधलेला असतो. येतो की नाही, कसा येतो, यात आपला जीव टांगलेला. इथे ती जोखीम नाही, यंत्र समेवर येणारच. बंदिशीचे शब्द नाहीत, तबलजीशी लाडिक भांडण नाही. या तुलनेचा मला स्वतःला कंटाळा आला आहे.

पण आपण मिरजेचे, म्हणून एक विचारतो. सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढताना पाहिलं असेलच. तार तीच, सूर तोच. घोडीवरचा दोरा केसभर सरकवला की सुरातून सूर फुटू लागतात, गंधार आपोआप ऐकू येतो. माणूस काय करतो, याचं उत्तर तिथे आहे. सिंथेसायझरचा कच्चा आवाज असाच उपसुरांनी गच्च भरलेला असतो. फिल्टर नावाची कळ त्यातले वरचे सूर झाकते किंवा उघडते, आणि जरा ताणली तर एकेक उपसूर वेगळा काढून पुढे धरते. साखळी यंत्र फिरवतं, खरं. पण अर्धा तास त्या कळेवर हात माणसाचा असतो. शुल्झ काय किंवा माझा जर्मन इंजिनिअर काय, शेवटी हात कुठे थांबतो त्यावर सगळं.

मानुएल गॉटशिंग या जर्मन संगीतकाराचं उदाहरण देतो. १२ डिसेंबर १९८१ला बर्लिनमध्ये स्वतःच्या स्टुडिओत ते एकटेच बसले आणि एका बैठकीत जवळजवळ तासभर वाजवलं. दुसऱ्या दिवशी विमानात वॉकमनवर ऐकायला काहीतरी हवं होतं, इतकंच कारण. मुळात दोन स्वरपुंज, त्यांचीच अदलाबदल. उत्तरार्धात गिटार येते. १९८४ साली ते ‘ई२–ई४’ नावाने प्रसिद्ध झालं. नाव बुद्धिबळातल्या पहिल्या चालीवरून. पुढे नाचाच्या संगीतातल्या कित्येकांनी त्यावर आपली घरं बांधली. मूळ बैठकीत जोडकाम नाही, दुरुस्ती नाही. आपण याला मैफल म्हणाल की नाही ते आपण ठरवा.

आपल्याला मी ठोक्याचं काही सुचवणार नाही. फ्रान्सच्या एलियान रादीग यांची ‘त्रिलोजी द ला मॉर्त’ ऐकून पहा. तीन भाग, प्रत्येक सुमारे तासाभराचा. ताल नाही, धून नाही, फक्त लांब सूर आणि त्यांच्या पोटातली हालचाल. बाई तिबेटी बौद्ध परंपरेतल्या साधक. दुसऱ्या भागाचं नावच ‘कैलाशा’. पहाटे, आवाज अगदी लहान ठेवून.

आणि नातवाचं सगळंच चुकलेलं नाही हेही सांगायला हवं. कातेरिना बार्बिएरी ही आजच्या पिढीतली इटालियन संगीतकार. तिची २०१९ची ‘फँटास’ दहा मिनिटांची आहे, नातवाला माहीत असेल. तिने विद्यापीठात प्रबंध लिहिला तो हिंदुस्थानी संगीत आणि मिनिमलिझम, म्हणजे मोजक्याच सुरांच्या पुनरावृत्तीवर उभं संगीत, यांवर. तेव्हा मिरजेचा वारा तिकडे अगदीच पोचला नाही असं नाही.

म्हापशाहून एक विद्यार्थी: आमच्याकडे हणजुण्याला जे वाजतं ते हेच ना?

तू एकोणीस वर्षांचा म्हणतोस, म्हणून अरे-तुरे करतो. हेच नाही, पण चुलत घराणं आहे. गोवा ट्रान्स या तिथल्या नाचाच्या संगीताची एकेक रचना आठ-दहा मिनिटांची, पण तिचं काम पाय हलवत ठेवण्याचं. ती डीजेच्या हातात दुसऱ्या रचनेत मिसळण्यासाठी बनते, म्हणून तिला दोन्ही टोकांना मोकळी शेपटी ठेवलेली असते. खरी लांब रचना तिथे रात्रीची असते, ट्रॅकची नाही. तुझ्या गावच्या इतिहासातली एक गोष्ट मला फार आवडते: उन्हात आणि दमट हवेत तबकड्या वाकड्या व्हायच्या, म्हणून तिथले डीजे डॅट या छोट्या डिजिटल टेपवरून वाजवायचे.

तुला पूल हवा असेल तर ऑर्ब या इंग्लंडच्या जोडीचं ‘ब्लू रूम’, १९९२. तिकडच्या खपाच्या क्रमवारीत सिंगल, म्हणजे सुट्या गाण्याची रेकॉर्ड, म्हणून बसायला चाळीस मिनिटांची कमाल मर्यादा होती. या पठ्ठ्यांनी एकोणचाळीस मिनिटं सत्तावन्न सेकंदांचं सिंगल काढलं आणि ते आठव्या क्रमांकावर गेलं! टीव्हीवर बोलावलं तर गाणं लावून दिलं आणि दोघं बुद्धिबळ खेळत बसले.

औंध, पुणे येथून एक वाचक: माझ्याकडे साधा फोन आणि साधे इअरफोन आहेत. महागाचे हेडफोन घ्यावेच लागतील का? आणि आवाजात मध्येच खंड पडतो, तो का?

नाही घ्यावे लागणार, ताई. कानात घट्ट बसणारे आणि खर्ज ऐकू येणारे कुठलेही चालतील. खर्ज नसेल तर मात्र अर्धी रचना गेली. खंड बहुधा ॲपच्या सेटिंगमुळे. दोन ट्रॅक एकमेकांत मिसळण्याची सोय बंद करा, खंड न पाडता वाजवण्याची चालू करा, आणि शफल कायमचं बंद. हे तुकडे क्रमाने जोडलेले असतात. फुकटच्या व्हिडिओवर ऐकत असाल तर तेही सोडा. मला एकदा सोळाव्या मिनिटाला, सगळे सूर विरत असताना, पाइपांची जाहिरात ऐकावी लागली. त्या रचनेत मला आता कायम पाइप ऐकू येतो.

छत्रपती संभाजीनगरहून एक शिक्षक: भारतात कुणी केलं का असं?

केलं, आणि लवकर केलं. १९६९ साली अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मोग सिंथेसायझर बसवला. म्हणजे ‘फेड्रा’च्या चार वर्षं आधी. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथूर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा अशा मंडळींनी त्यावर प्रयोग केले. टेपा कपाटात गेल्या. पॉल पर्गस या लंडनच्या कलाकाराला त्या सापडल्या आणि २०२३ साली त्यांचा संग्रह बाहेर आला. ऐकताना काही ठिकाणी विद्यार्थी यंत्राशी खेळतोय असं वाटतं, काही ठिकाणी अंगावर काटा येतो. पण पुढे धागा तुटला तो तुटलाच. बर्लिनच्या पोरांना रेकॉर्ड कंपनी मिळाली, यांना कपाट.

मुंबईचे चरणजित सिंग यांची १९८२ची ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ तुम्ही ऐकली असेल. सिनेमाच्या वाद्यवृंदात उभं आयुष्य गेलेला माणूस, रोलंड कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक यंत्रं घेऊन भैरवापासून बैरागीपर्यंत दहा राग. बाजारात चालली नाही. २०१० साली पुन्हा निघाली तेव्हा परदेशातल्या लोकांनी डोक्यावर घेतली. गंमत बघा: जर्मन लोक दोन स्वरपुंजांवर तासभर बसले आणि आपण अख्खा मालकंस पाच मिनिटांत उरकला! पण त्या पाच मिनिटांतलं मेघमल्हार लावून बघा, जुलैत.

कोल्हापूरहून, पोस्टकार्डावर एकच ओळ: ऐकताना झोप लागते, काय करावे?

झोपावे. मॅक्स रिश्टर यांनी २०१५ साली आठ तासांहून लांब ‘स्लीप’ खास त्यासाठीच रचलं, आणि त्याच्या मैफिलीत खुर्च्यांऐवजी खाटा घातल्या. शुल्झच्या ‘मिराज’ची दुसरी बाजू, ‘क्रिस्टल लेक’, मी चाळीसेकदा लावली असेन. एकोणतीस मिनिटांपैकी विसाव्या मिनिटापुढचं मला नीटसं सांगता येणार नाही. फक्त रचना संपते तेव्हा, खोली गप्प होते तेव्हा, मी दचकून जागा होतो. बहुतेक वडिलांकडून आलंय.